नंबर, मोतीबिंदू आणि लेसर : दृष्टी सुधारणाऱ्या शस्त्रक्रियांचा परिचय

‘अंधुक दिसते’ ही एकच तक्रार घेऊन नेत्रतज्ज्ञाकडे येणाऱ्या माणसांच्या डोळ्यांत प्रत्यक्षात अगदी निरनिराळ्या ठिकाणी बिघाड झालेला असू शकतो. उपाय कोणता करायचा, तो कितपत लागू पडेल आणि गेलेली दृष्टी परत येईल की नाही, हे सारे त्या ठिकाणावरच अवलंबून असते. एखाद्याचे काम साध्या चष्म्याने भागते, दुसऱ्याला वीस मिनिटांच्या शस्त्रक्रियेनंतर लख्ख दिसू लागते, तर तिसऱ्याच्या बाबतीत निष्णात शल्यविशारदालाही उरलेली दृष्टी टिकवण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. चष्मा कायमचा सुटेल असे सांगणाऱ्या लेसर उपचारांच्या जाहिराती सर्वत्र दिसत असताना हा फरक सामान्य वाचकाने नीट समजून घेणे फार अगत्याचे आहे, कारण डोळ्याचा नंबर जाणे आणि डोळा निरोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीवरून दुसरीची खात्री धरणे धोक्याचे ठरते.

डोळ्यात शिरणारा प्रकाश सर्वप्रथम बुबुळावरच्या पारदर्शक, घुमटाकार पडद्यावर पडतो, ज्याला वैद्यकीय मराठीत पारपटल म्हणतात आणि दवाखान्यात कॉर्निया या नावाने ओळखतात. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते आणि पारदर्शकता टिकावी म्हणून त्यात रक्तवाहिन्याही नसतात. प्रकाश वळवण्याची डोळ्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते (चष्म्याचा नंबर ज्या एककात लिहितात ते हे एकक) आणि त्यापैकी सुमारे ४३ डायॉप्टर, म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक, एकट्या कॉर्नियाची असते. उरलेले काम बाहुलीच्या मागे असलेले नेत्रभिंग करते. हे भिंग एका अतिशय पातळ, पारदर्शक आवरणाच्या पिशवीत असते आणि जवळचे पाहताना ते थोडे फुगून आपली शक्ती वाढवते. या दोहोंतून वळलेले किरण डोळ्याच्या मागच्या भिंतीवरील पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, एकत्र आले की तेथील पेशी त्यांचे विद्युत्संदेशांत रूपांतर करतात आणि दहा-बारा लाख तंतूंची डोळ्याची नस ते संदेश मेंदूकडे पोचवते. कॉर्निया आणि भिंग या पुढच्या भागांतील दोष बहुतांशी दुरुस्त करता येतात, पडदा आणि नस या मागच्या भागांची झालेली हानी मात्र सहसा भरून येत नाही. नेत्रशस्त्रक्रियेविषयी पुढे जे काही सांगायचे आहे, त्याचा पाया हाच आहे.

चष्म्याचा नंबर हा रोग नसून बव्हंशी मापाचा प्रश्न आहे. जन्मतः सुमारे १७ मिलिमीटर लांबीचा असलेला डोळा वाढून प्रौढपणी सुमारे २४ मिलिमीटरचा होतो आणि या वाढीत एका मिलिमीटरचा फरक पडला तरी नंबरात अडीच ते तीन डायॉप्टरचा फरक पडतो. डोळा प्रमाणापेक्षा लांब झाला तर किरण पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात, दूरचा फळा किंवा बसची पाटी अस्पष्ट दिसते आणि उणे नंबर लागतो. यालाच निकटदृष्टिता म्हणतात. डोळा आखूड राहिला तर दूरदृष्टिता येते आणि अधिक नंबर लागतो. कॉर्नियाचा घुमट सर्व बाजूंनी सारखा गोल नसेल तर एका दिशेचे किरण एकीकडे आणि दुसऱ्या दिशेचे दुसरीकडे एकत्र येतात, अक्षरांना सावली दिसते आणि चष्म्याच्या कागदावर ‘सिलिंडर’च्या रकान्यात आकडा लिहिला जातो. चाळिशीचे कारण मात्र निराळे आहे, कारण त्यात डोळ्याच्या लांबीचा काही संबंध नसून वयानुसार भिंगाची लवचिकता कमी झाल्यामुळे ते जवळच्या कामासाठी फुगेनासे होते. लहान मुलांच्या नंबराबाबत हयगय करू नये, कारण एका डोळ्यात मोठा नंबर किंवा तिरळेपणा असेल आणि तो वेळीच सुधारला नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणाऱ्या प्रतिमेकडे दुर्लक्ष करू लागतो. अशी मंद झालेली दृष्टी वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापर्यंत चष्मा आणि चांगला डोळा झाकून ठेवण्याच्या उपायाने बरीच सुधारते, पण पुढे ती सुधारणे अवघड होत जाते आणि मोठेपणी केलेल्या लेसरनेही तो डोळा नीट पाहू लागत नाही.

भारतात अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण आजही मोतीबिंदू हेच आहे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील लोकांमधील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले, आणि शस्त्रक्रियेने हमखास दूर होण्याजोग्या कारणामुळे इतकी माणसे अंधारात राहावीत ही गोष्ट मनाला लागते. नेत्रभिंग पारदर्शक असते ते त्यातील प्रथिनांच्या सुबद्ध रचनेमुळे. वय वाढते तशी ही प्रथिने एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात, प्रकाश विखुरतो आणि भिंग आधी पिवळसर, मग तपकिरी किंवा दुधी होत जाते. मधुमेह, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे, डोळ्याला झालेली इजा, धूम्रपान आणि उन्हातील अतिनील किरण यांमुळे ही क्रिया लवकर घडते. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फाकलेले दिसणे, रंग फिके वाटणे, चष्म्याचा नंबर वरचेवर बदलणे ही सुरुवातीची लक्षणे होत. काहींना तर मध्येच जवळचे वाचायला चष्मा लागेनासा होतो आणि दृष्टी सुधारली असे वाटते, पण भिंग घट्ट होऊन त्याची शक्ती वाढल्याचा तो तात्पुरता परिणाम असतो. मोतीबिंदू विरघळवणारे कोणतेही थेंब किंवा गोळ्या आजवर सिद्ध झालेल्या नाहीत आणि अशा औषधांवर पैसे व महिने घालवणाऱ्यांची फसवणूकच होते.

गढुळलेले भिंग बाजूला करण्याची कल्पना भारतात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अणकुचीदार शलाकेने हा दोष दूर करण्याच्या क्रियेचे वर्णन आहे. या पद्धतीत भिंग बाहेर काढले जात नसे, ते दृष्टीच्या मार्गातून ढकलले जाई, आणि फिरते वैद्य ही क्रिया अगदी विसाव्या शतकापर्यंत करीत असत. भिंग डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत फ्रान्समधील जाक दाव्हियेल यांनी १७४७ च्या सुमारास रूढ केली, तरी भिंग काढल्यावर रुग्णाला दहा-बारा नंबरचा जाड चष्मा लावावा लागे आणि त्यातून जग मोठे व कडेला वाकलेले दिसे. ही उणीव ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांनी दूर केली. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक छताचे, पीएमएमए या प्लास्टिकचे कण शिरले होते आणि अशा डोळ्यांची तपासणी करताना हे कण वर्षानुवर्षे आत राहूनही डोळा त्यांच्याविरुद्ध बंड करीत नाही असे रिडली यांना दिसून आले. त्याच पदार्थाचे भिंग करवून घेऊन २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी ते एका रुग्णाच्या डोळ्यात बसवले. डोळ्यात मुद्दाम परकी वस्तू घालण्याच्या या कल्पनेला त्या काळच्या ज्येष्ठ नेत्रतज्ज्ञांनी कडाडून विरोध केला आणि ती सर्वमान्य होण्यास तीन दशके लागली. पुढे म्हातारपणी रिडली यांना स्वतःलाच मोतीबिंदू झाला, तेव्हा त्यांच्याही डोळ्यांत असेच भिंग बसवण्यात आले.

शस्त्रक्रियेतील दुसरी मोठी सुधारणा अमेरिकेतील चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये केली. दंतवैद्याच्या खुर्चीत बसले असताना दातांवरील कीटण काढणारे ध्वनिलहरींचे उपकरण पाहून त्यांना सुचलेली ही पद्धत फेको या छोट्या नावाने आज सर्वत्र परिचित आहे. ती प्रत्यक्षात कशी होते हे पाहण्यासारखे आहे. थेंबांनी डोळा बधिर केल्यावर कॉर्नियाच्या कडेला अडीच मिलिमीटरच्या आसपासचा छेद घेतला जातो. भिंगाच्या पिशवीच्या पुढच्या भिंतीला, जिची जाडी केसाच्या जाडीहूनही कमी असते, सुमारे पाच मिलिमीटर व्यासाचे गोल तोंड पाडले जाते. ते फाडताना कड एका बाजूला निसटली तर पुढचे सारे काम बिघडू शकते, म्हणून शिकाऊ डॉक्टरांना या एका पायरीसाठी पुष्कळ सराव करावा लागतो. त्यानंतर सेकंदाला हजारो वेळा कंप पावणारी पोकळ सुई कठीण गर फोडून शोषून घेते, पिशवी जागच्या जागी शाबूत राहते आणि गुंडाळलेले मऊ भिंग त्याच छोट्या छेदातून आत सोडले की ते पिशवीत आपोआप उलगडते. छेद इतका लहान असतो की टाक्याची गरजच पडत नाही.

ज्यांचा मोतीबिंदू फार कठीण झालेला असतो, किंवा जेथे फेकोचे महागडे यंत्र उपलब्ध नसते, तेथे सहा-सात मिलिमीटरचा तिरका बोगदा करून संपूर्ण गर एकसंध बाहेर काढण्याची पद्धत वापरतात. तीही बिनटाक्याची असते आणि सरावलेल्या हाताने केली तर तिचे फळ फेकोच्या तोडीचे मिळते, त्यामुळे यंत्र नाही म्हणून उपचार हलका, असा ग्रह करून घेण्याचे कारण नाही. १९७६ मध्ये अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले. या रुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब ही स्वतःची भिंगनिर्मिती सुरू केल्यानंतर परदेशी भिंगांच्या तुलनेत किंमत इतकी उतरली की गरिबाच्या डोळ्यातही भिंग बसवणे शक्य झाले. महाराष्ट्रात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचे डॉ. तात्याराव लहाने यांनी सरकारी रुग्णालयात आणि दूरवरच्या शिबिरांत लाखाहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रिया केल्या आणि २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नेत्रशस्त्रक्रियेतली खरी क्रांती नवी यंत्रे आली त्या दिवशी झाली नाही, ती अशा लोकांमुळे पाड्यावरच्या म्हातारीपर्यंत पोचली तेव्हा झाली, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे.

मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढू नये हा जुना समज अजून बऱ्याच घरांत टिकून आहे. टाके घालावे लागत आणि भिंग बसवता येत नसे त्या काळात त्याला काही अर्थ होता. आज दैनंदिन कामात अडथळा येऊ लागला की शस्त्रक्रिया करणे योग्य मानले जाते, कारण फार पिकलेले भिंग फुगून किंवा त्यातला द्रव पाझरून डोळ्याचा दाब एकाएकी वाढतो आणि मग मोतीबिंदूचा साधा रुग्ण काचबिंदूचा तातडीचा रुग्ण होऊन बसतो. भिंगाच्या निवडीबाबत मात्र थोडे थांबून विचार करावा. एकाच अंतरासाठीचे साधे भिंग बसवल्यास दूरचे स्वच्छ दिसते आणि वाचायला चष्मा लागतो. सिलिंडरचा नंबर असेल तर तो भरून काढणारे टॉरिक भिंग मिळते. दूरचे व जवळचे दोन्ही दाखवणारे बहुकेंद्री भिंग आलेला प्रकाश वाटून घेते, त्यामुळे त्यात चष्म्याची गरज कमी होते, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात आणि मंद उजेडात ठळकपणा घटतो. रात्री गाडी चालवणाऱ्याला किंवा ज्याच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झालेला आहे अशा रुग्णाला महाग भिंग चांगले म्हणून गळ्यात घालणे न्याय्य नव्हे. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी काहींच्या भिंगामागची पिशवी धुरकट होते, तेव्हा ‘मोतीबिंदू पुन्हा आला’ असे रुग्ण म्हणतात, पण काढलेला मोतीबिंदू पुन्हा येत नाही आणि ही धुरकट पिशवी याग लेसरने बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत उघडून देता येते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत डोळा एकदम दुखू लागला, लाल झाला आणि दिसणे कमी झाले तर तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट पाहणेही महागात पडते.

चष्मा घालवण्यासाठी कॉर्नियाचाच आकार बदलावा, हा विचार मोतीबिंदूइतका जुना नाही आणि त्याच्या वाटेवर ठेचाही पुष्कळ लागल्या. जपानमधील त्सुतोमु सातो यांनी गेल्या शतकाच्या मध्यास कॉर्नियाला आतून-बाहेरून छेद देऊन निकटदृष्टिता कमी केली. परंतु कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा जो एकेरी थर असतो आणि जो आतले पाणी सतत बाहेर टाकून कॉर्नियाला पारदर्शक ठेवतो, त्या पेशी माणसात पुन्हा निर्माण होत नाहीत, हे तेव्हा ज्ञात नव्हते. वर्षे लोटल्यावर त्यांच्या अनेक रुग्णांचे कॉर्निया सुजून पांढरे झाले. सोव्हिएत संघात स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनी १९७० च्या दशकात फक्त पुढच्या बाजूने, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे छेद देण्याची पद्धत लोकप्रिय केली. तीत सुरुवातीला दृष्टी सुधारे, पण छेदांनी दुबळा झालेला कॉर्निया पुढेही सपाट होत राही आणि अमेरिकेतील दहा वर्षांच्या पाहणीत सुमारे ४३ टक्के डोळे हळूहळू अधिक नंबराकडे सरकलेले आढळले. कॉर्नियावरील कोणत्याही शस्त्रक्रियेचा हिशेब दहा-वीस वर्षांनीच पुरता कळतो, ही गोष्ट तेव्हापासून नेत्रतज्ज्ञांच्या मनावर बिंबली आहे.

सुरीच्या जागी लेसर आला तो एका वेगळ्याच वाटेने. मद्रासमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत प्लास्टिकवर अतिनील किरणांचा परिणाम अभ्यासत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात सणाच्या मेजवानीतून उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत आणला आणि १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या एक्सायमर लेसरचे झोत त्यावर सोडले, तेव्हा आजूबाजूचा भाग जराही न भाजता ऊती नेमक्या तेवढ्याच जागी नाहीशी झाल्याचे दिसले. हा लेसर ऊतीला तापवून जाळत नाही, तो रेणूंमधले बंध तोडतो, आणि प्रत्येक झोताबरोबर मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) अंशाइतका थर उडून जातो. १९८३ मध्ये स्टीफन ट्रॉकेल या नेत्रतज्ज्ञाने श्रीनिवासन यांच्या साहाय्याने त्याचा प्रयोग जनावरांच्या कॉर्नियावर केला आणि त्या दशकाच्या अखेरीस माणसांच्या डोळ्यांवर उपचार सुरू झाले. या शोधाबद्दल श्रीनिवासन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना २०१३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक देण्यात आले.

आज कॉर्नियावर लेसर वापरण्याचे मुख्य प्रकार तीन आहेत. पीआरकेमध्ये कॉर्नियावरची पातळ त्वचा दूर करून थेट लेसर दिला जातो. त्वचा परत भरून येईपर्यंत तीन-चार दिवस डोळा चांगलाच चुरचुरतो आणि दृष्टी स्थिरावायला काही आठवडे लागतात, पण कॉर्नियात कोणतीही झडप राहत नाही. लासिकमध्ये सुमारे १०० ते ११० मायक्रॉन जाडीची झडप कापून एका कडेवर उलटी केली जाते, खालच्या थरावर एक्सायमर लेसर चालवला जातो आणि झडप पुन्हा जागेवर बसवली जाते. यात वेदना जवळजवळ नसतात, दुसऱ्या दिवशी माणूस कामाला लागू शकतो आणि म्हणूनच तो सर्वाधिक प्रसिद्ध आहे; मात्र झडप मूळच्या ताकदीने कधीच सांधली जात नाही आणि जोराचा मार लागल्यास ती वर्षांनंतरही सरकल्याची उदाहरणे आहेत, त्यामुळे कुस्ती, कबड्डी, मुष्टियुद्ध खेळणाऱ्यांना किंवा सैन्यदलात जाऊ इच्छिणाऱ्यांना पहिला प्रकार बहुधा अधिक सोयीचा पडतो. स्माइल या तिसऱ्या प्रकारात फेम्टोसेकंद लेसर कॉर्नियाच्या आतच एक पातळ चकती कोरतो आणि ती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ओढून काढली जाते. यात कॉर्नियाच्या नसा कमी तुटत असल्याने डोळे कोरडे पडण्याचा त्रास काहीसा कमी असतो, परंतु दूरदृष्टितेसाठी तो अजून फारसा वापरला जात नाही.

या सर्वांत निर्णायक असतो तो एक साधा वजाबाकीचा हिशेब. एक डायॉप्टर घालवण्यासाठी साधारण १२ ते १५ मायक्रॉन ऊती काढावी लागते. कॉर्निया ५३० मायक्रॉन जाडीचा असेल, झडप ११० मायक्रॉनची असेल आणि उणे ५ नंबरासाठी सुमारे ७० मायक्रॉन उडवले, तर खाली ३५० मायक्रॉनचा भक्कम थर उरतो. तोच नंबर उणे ९ असेल आणि कॉर्निया मुळातच ४९० मायक्रॉनचा असेल, तर सुमारे १२५ मायक्रॉन गेल्यावर हाती २५५ मायक्रॉन उरतात, आणि २५० ही किमान मर्यादा धरली जात असली तरी सावध शल्यविशारद २८० ते ३०० मायक्रॉनच्या खाली जायला तयार होत नाहीत. जाहिरातीतला ‘कितीही नंबर घालवा’ हा शब्द या आकड्यांपुढे टिकत नाही. याखेरीज वय अठरापेक्षा अधिक असणे, निदान वर्षभर नंबर स्थिर असणे, गर्भारपण किंवा अंगावर पाजण्याचा काळ नसणे आणि तपासणीपूर्वी काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवणे या अटी पाळाव्याच लागतात, कारण लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार बदललेला असतो आणि चुकीच्या मापावर केलेला लेसर चुकीचाच परिणाम देतो.

जाडीइतकाच महत्त्वाचा असतो कॉर्नियाचा आकार. केराटोकोनस नावाच्या विकारात कॉर्निया मध्यभागी पातळ होत जाऊन शंकूसारखा पुढे येतो. तो बहुधा किशोरवयात सुरू होतो आणि ॲलर्जीमुळे सतत डोळे चोळणाऱ्या मुलांत अधिक आढळतो. नागपूर परिसरातील ग्रामीण भागात तिशीपुढील प्रौढांच्या एका पाहणीत, कॉर्नियाच्या बाकाचा ठरावीक निकष लावला असता, २.३ टक्के लोकांत हा दोष दिसला. हे प्रमाण अनेक देशांतील नोंदींपेक्षा जास्त आहे. सुरुवातीच्या अवस्थेतला केराटोकोनस साध्या तपासणीत फक्त वाढता सिलिंडरचा नंबर म्हणून दिसतो, आणि अशा डोळ्यावर लासिक केल्यास आधीच दुबळा असलेला कॉर्निया आणखी ढासळतो. म्हणूनच कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही पृष्ठभागांचा नकाशा काढणारी टोपोग्राफीची तपासणी न करता लेसरची तारीख देणाऱ्या ठिकाणाहून रुग्णाने उठून यावे. केराटोकोनसवर उपाय आहे. रायबोफ्लेविन, म्हणजे ब२ जीवनसत्त्वाचे थेंब टाकून कॉर्नियावर अतिनील किरण सोडले की त्यातले तंतू परस्परांशी अधिक घट्ट बांधले जातात आणि शंकूची वाढ बहुतेकांत थांबते. मुलांनी डोळे चोळणे थांबवणे हा उपचाराचाच भाग आहे.

ज्यांचा नंबर फार मोठा आहे किंवा कॉर्निया पातळ आहे अशा तरुणांसाठी आयसीएल, म्हणजे स्वतःचे भिंग तसेच ठेवून त्याच्या पुढे आणि बुबुळाच्या मागे बसवलेले पातळ भिंग, हा चांगला पर्याय आहे. त्यात कॉर्नियाची ऊती खर्ची पडत नाही आणि गरज पडल्यास भिंग काढताही येते, पण त्यासाठी डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली पुरेशी लागते आणि पुढे मोतीबिंदू किंवा दाब वाढण्याची शक्यता लक्षात घेऊन दरवर्षी तपासणी करावी लागते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उणे २ नंबर असलेला माणूस चष्मा काढून वर्तमानपत्र आरामात वाचू शकतो. लासिकने तो नंबर घालवला की दूरचे दिसेल, पण वाचायला चष्मा लागेल, कारण लासिक भिंगाची लवचिकता परत आणत नाही.

आता डोळ्याच्या मागच्या भागाकडे वळले पाहिजे, कारण नंबर गेला म्हणजे डोळाही निरोगी झाला असे समजण्याची, लेसर केलेल्या माणसांची सर्वांत मोठी चूक तेथे होते. काचबिंदूत डोळ्यातला द्रव बाहेर नेणाऱ्या कोपऱ्यातली जाळी, मोरीच्या जाळीप्रमाणे, तुंबते, आतला दाब वाढतो आणि नसेचे तंतू एकेक करून मरतात. नजरेचा मध्य शेवटपर्यंत शाबूत राहत असल्याने रुग्णाला काहीच जाणवत नाही आणि कडेचे दिसेनासे झाल्याचे ध्यानात येईपर्यंत पुष्कळ तंतू गेलेले असतात. थेंब, लेसर किंवा ट्रॅबेक्युलेक्टमी ही नवी वाट काढून देणारी शस्त्रक्रिया यांनी दाब उतरतो, मात्र गेलेले परत मिळत नाही. आईवडील किंवा भावंडांत काचबिंदू असेल तर चाळिशीपासून दरवर्षी दाब, नस आणि दृष्टिक्षेत्र तपासून घ्यावे. डोळे लाल झाले म्हणून दुकानातून स्टेरॉइडचे थेंब घेऊन महिनोन्‌महिने टाकणाऱ्यांतही हाच रोग निर्माण होतो. मधुमेहात पडद्यातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात, नंतर नाजूक नव्या वाहिन्या फुटून रक्तस्राव होतो, आणि हेही आरंभी दुखत नाही की जाणवत नाही. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे निदान होताच आणि पुढे दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासावा. आज डोळ्यात दिली जाणारी इंजेक्शने, लेसर आणि व्हिट्रेक्टमी ही डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढण्याची शस्त्रक्रिया यांनी दृष्टी वाचवता येते, अट एवढीच की रुग्ण वेळेवर आला पाहिजे. जखमेने किंवा जंतुसंसर्गाने कॉर्नियावर फूल पडले तर मात्र नेत्रदानातून मिळालेल्या कॉर्नियाचे रोपण उपयोगी पडते. मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत डोळे काढले जावे लागतात, त्यामुळे नातेवाइकांनी तातडीने नेत्रपेढीला कळवणे आवश्यक असते.

लासिकने नंबर शून्यावर आला तरी लांब झालेला डोळा लांबच राहतो. मोठा उणे नंबर असलेल्यांचा पडदा कडेला ताणलेला आणि पातळ असतो, तेथे छिद्र पडून तो सुटण्याचा धोका चष्मा गेल्यानेही कमी होत नाही. अचानक काळे ठिपके वाढणे, डोळ्यात वीज चमकल्यासारखे होणे किंवा एका बाजूने सावली सरकत येणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी तपासणी झाली पाहिजे. पातळ केलेला कॉर्निया दाबमापक यंत्राला कमी विरोध करतो, म्हणून अशा डोळ्याचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. मोतीबिंदूच्या वेळी आणखी एक अडचण उभी राहते. बसवायच्या भिंगाची शक्ती काढण्याची नेहमीची सूत्रे कॉर्नियाचा पुढचा बाक आणि डोळ्याची लांबी यांवर आधारलेली असतात. लासिकने तो बाक बदललेला असल्याने जुन्या सूत्राने काढलेले भिंग कमी शक्तीचे ठरते आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला अनपेक्षित अधिक नंबर लागतो. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर लासिक करून घेतलेली पिढी आता मोतीबिंदूच्या वयात येत आहे. अशा डोळ्यांसाठी वेगळी सूत्रे उपलब्ध आहेत आणि त्यांपैकी काहींना लेसरपूर्वीचा नंबर, कॉर्नियाचे माप आणि किती नंबर घालवला ही माहिती लागते, म्हणून लासिकच्या वेळी मिळालेले कागद घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवावेत आणि पुढे कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे गेल्यावर, त्याने विचारले नाही तरी, लेसर झालेला आहे हे प्रथम सांगावे.